हिरावती कॉलनीतील पिवळे पाणी

सुजाण वाचकहो, यापुढील पानांत मी एक सत्त्वपरीक्षेचा प्रसंग आपणांपुढे मांडीत आहे. यात खून नाही, रक्तपात नाही, पिस्तूल तर नाहीच नाही. तथापि एका निरपराध मनुष्याची भाकरी यात टांगणीस लागलेली आहे, आणि एक अशी चोरी आहे की जिची फिर्याद देण्याचे धैर्य खुद्द मालकासही झाले नाही. वाचकांनी मधली पाने उलटून शेवट पाहू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. प्रारंभ करतो.

१. सरबताचा नळ

सन १९९७ चा फाल्गुन महिना चालू होता. नाशिक शहरात मखमलाबाद नाक्याच्या पुढे, जिथे झेंडूचे मळे संपून नवी घरे उभी राहात होती, तिथे आमची हिरावती कॉलनी वसलेली आहे. एकच सरळ गल्ली, वरून खाली उतरत जाणारी. वरच्या टोकाला जमिनीत पाण्याच्या व्हॉल्व्हचे चेंबर. खालच्या टोकाला एक सार्वजनिक नळ, ज्याची तोटी कोणीतरी काढून नेली ती परत आली नाही. मध्यावर आमच्या सोसायटीचे चेअरमन कारभारी अण्णा यांचा बंगला, आणि त्याच्या खालच्या बाजूस, भिंतीला भिंत लागून, प्रस्तुत लेखकाची लाँड्री.

होळी तोंडावर आली होती. एके दिवशी सकाळी गल्लीच्या खालच्या भागातील रूपालीच्या आईने तांदूळ धुण्यासाठी नळ सोडला आणि पातेल्यात पाहून तिचा हात जागीच थबकला. पाणी पिवळे होते. गढूळ पाणी आम्हांस अपरिचित नाही. पावसाळ्यात ते चहासारखे येते व आम्ही तुरटी फिरवून मोकळे होतो. परंतु हे पाणी गढूळ नव्हते. आरपार दिसणारे, सुरेख, कोणी मन लावून सरबत करावे तसे पिवळे होते.

बघता बघता गल्लीत एकच गलबला उडाला. कोणाची पिण्याची कळशी पिवळी, कोणाची कणीक पिवळी. माझी अवस्था तर वर्णन करण्यापलीकडची होती. एका बँड पार्टीच्या पांढऱ्याशुभ्र तुमानी मी अंधुकशा उजेडात हौदात बुडविल्या होत्या. साबण लावल्यावर पाहतो तो पिवळ्याचा रंग खुलून केशरी झालेला.

मग ज्याच्या त्याच्या तोंडी एकच नाव आले. पुंजाराम.

पुंजाराम म्हणजे आमचे पाणी सोडणारा मनुष्य. इगतपुरीकडचा, काटक बांध्याचा, खांद्यावर व्हॉल्व्ह फिरविण्याची लांब लोखंडी चावी घेऊन सायकलवरून सकाळ-संध्याकाळ येणारा. आदल्याच सायंकाळी तो उशिरा आला म्हणून कारभारी अण्णांनी त्याला भर रस्त्यात फैलावर घेतले होते आणि तोही जाताना काहीतरी पुटपुटला होता. एवढे कारण लोकांना पुरले. त्याने सूड म्हणून व्हॉल्व्हमध्ये रंग ओतला, असा निष्कर्ष निघाला, अर्ज लिहिला गेला, आणि त्यावर पहिली सही कारभारी अण्णांची झाली.

इथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. पुंजाराम कित्येक वर्षे रोजंदारीवर होता, आणि त्याला कायम करण्याचा आदेश पाणीपुरवठा खात्यातील साहेबांच्या टेबलावर सहीसाठी नुकताच पोचला होता. साहेबांनी निरोप धाडला की, रंगपंचमीच्या आदल्या दिवशी आम्ही स्वतः येऊन चौकशी करू; आरोप खरा ठरल्यास कायम करणे तर दूरच, या इसमाचे नाव हजेरीपटावरूनही उतरविण्यात येईल.

२. मनीषाताईंचे आगमन

आमच्या गल्लीच्या वरच्या भागात मनीषाताई राहात. त्या हायस्कुलात विज्ञान शिकवीत. आवाज करारी, पण हसताना सर्व गल्लीस ऐकू जाई असे मोकळे हसणे. पुंजाराम त्यांच्या दारी जाऊन उभा राहिला तेव्हा मी त्यांच्या साड्या पोचविण्यास गेलो होतो, म्हणून हा प्रसंग मला प्रत्यक्ष पाहावयास मिळाला.

त्याची विनंती एवढीच होती की ताईंनी त्याच्या वतीने साहेबांना एक चांगला अर्ज लिहून द्यावा.

"अर्जात काय लिहू?" ताईंनी विचारले.

"लिहा की, मी पानी सोडतो. पान्यात काय सोडत नाय." एवढे बोलून तो पायरीवर बसला. "ताई, बायकोनं कायम झाल्याचे पेढे आधीच वाटले गावाला. आता कोन्या तोंडानं जाऊ?"

ताई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला पाणी दिले, ते स्वच्छ होते, आणि तो गटागटा प्यायला. रिकाम्या तांब्याकडे त्या बराच वेळ पाहात राहिल्या.

"जयरामभाऊ," त्या मला म्हणाल्या, "माझ्या घरी तर त्या दिवशीही पाणी असंच स्वच्छ आलं होतं. तुमच्याकडे पिवळं. हे कसं काय?"

 माझ्या मस्तकात एका प्रचंड शंकेने घर केले होते, आणि संशयाची सुई एका लग्नघराकडे वळत होती.

३. हळदीचा माग

रंग पिवळा, आणि घटनेच्या आदल्या दिवशी गल्लीत कोणता विधी झाला होता? रूपालीची हळद! माझा तर्क असा की, हळदीच्या परातीतले पाणी कोणत्या तरी मार्गाने नळात शिरले आणि रूपालीच्या घरच्यांनी ती गोष्ट लपविली. हा तर्क मी मनीषाताईंपुढे मोठ्या अभिमानाने मांडला.

आम्ही रूपालीकडे गेलो. ती नवपरिणीता पाचपरतवण्यासाठी माहेरी आलेली होती व तिचे यजमान राज सोबत होते. माझा प्रश्न ऐकून रूपाली कपाळाला हात लावून बसली. सासरी आधीच बोलणी बसली होती की, तुमच्या माहेरी हळद नवरीला लावतात की गल्लीला पाजतात. राजराव मात्र गालात हसत होते. त्यांचे म्हणणे असे पडले की, सगळ्या कॉलनीने आपल्या लग्नाची हळद प्यायल्यामुळे आता आहेर सगळ्यांनाच द्यावा लागणार.

तेवढ्यात मनीषाताईंनी रूपालीच्या हळदीची साडी मागितली, एका डागावर थोडा ओला साबण चोळला आणि ती माझ्यासमोर धरली. डाग कुंकवासारखा लाल झाला.

"आता त्या बँडवाल्यांच्या तुमानी आठवा," ताई म्हणाल्या.

मी वरमलो. हळद साबणाने लाल होते हे मी रोज डोळ्यांनी पाहतो. तुमानी मात्र केशरी झाल्या होत्या. तेव्हा नळातून आलेली वस्तू हळद नव्हती. मग ती काय होती? रूपालीने सुटकेचा निःश्वास टाकला. पण पुंजारामच्या गळ्याभोवतीचा फास तसाच होता.

४. म्हशीची साक्ष

दुसऱ्या दिवसापासून आम्ही घरोघर फिरलो. ताई बोलत व मी ऐके. वरच्या सर्व घरांनी सांगितले की, त्यांचे पाणी स्वच्छ होते. कारभारी अण्णांच्या बंगल्यापासून खाली मात्र एकही घर सुटले नव्हते.

"पुंजारामचं चेंबर कुठे आहे?" ताईंनी मला विचारले.

"सगळ्यांत वर."

"मग त्याने तिथे काही ओतलं असतं, तर आधी कोणाकडे आलं असतं?"

मी उत्तर दिले की, आधी त्यांच्याकडे. यावरून पुंजाराम निर्दोष असल्याची माझी खात्री पटली. परंतु कारभारी अण्णांनी आमचे म्हणणे उडवून लावले. तो खाली येऊनही काही करू शकतो, असे त्यांनी ठासून सांगितले. अण्णा एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, शिस्तीचे कडक गृहस्थ. 'रंगपंचमीस पाण्याची नासाडी करणाऱ्याचे नळ कनेक्शन तोडण्यात येईल' असा फलक त्यांनी स्वहस्ते रंगवून गल्लीच्या तोंडाशी लावलेला होता. त्यांच्या नळालाही त्या सकाळी पिवळेच पाणी आले होते, हे त्यांनी कबूल केले. आम्ही निघू लागलो तेव्हा त्यांनी हळूच एक विचित्र प्रश्न केला.

"मॅडम, या गल्लीत कुणाच्या हौदातून कधी काही चोरीला गेल्याचं कानावर आलंय?"

ताईंनी नाही म्हणून सांगितले. अण्णांनी विषय बदलला.

यानंतर आम्ही अण्णांच्या मागील अंगास लागून असलेल्या गोठ्यात धोंडाबाईंना भेटलो. या बाई झेंडूचा मळा व एक म्हैस सांभाळून होत्या. आपल्या मळ्यातील फुलांवर संशय घेण्यास आम्ही आलो, या समजुतीने त्यांनी आम्हांस प्रथम भरपूर ऐकविले. मग राग ओसरल्यावर त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली गोष्ट म्हैस. लोकांना पिवळे पाणी सकाळी दिसले, परंतु धोंडाबाईंना ते आदल्या सायंकाळीच दिसले होते. पुंजाराम पाणी बंद करून निघून गेल्यावर त्यांनी म्हैस खालच्या तोटी नसलेल्या नळावर नेली. पाणी बंद झाल्यावरही तिथे बराच वेळ धार गळत असते. "म्हशीनं हुंगलं, माझ्याकडं पाह्यलं, अन् मान फिरवली. मी म्हनलं, हिला आता फिल्टरचं पानी लागतंय व्हय."

दुसरी गोष्ट अण्णांची स्तुती होती. पाण्याच्या वेळी प्रत्येक घरातून पिंपात, हौदात धार पडल्याचा आवाज येतो. अण्णांच्या आवारातून मात्र हल्ली काडीचाही आवाज येत नाही. "लय काटकसरीचा मानूस. पानी भरतो तरी कळत नाय."

हे ऐकून बाहेर पडताच मनीषाताई रस्त्याच्या मधोमध थांबल्या. मागून येणाऱ्या सायकलस्वाराने घंटी वाजविली तरी त्यांचे लक्ष नव्हते.

"जयरामभाऊ, त्या सकाळच्या आधी अण्णांकडून धुवायला आलेले कपडे तुमच्याकडे अजून आहेत का?"

५. सदऱ्याची बाही

आम्ही लाँड्रीत परतलो. रंगाच्या गोंधळामुळे माझे पुष्कळ काम तुंबलेले होते, त्यामुळे अण्णांचे गाठोडे न उघडता तसेच पडून होते. ते पिवळे पाणी येण्यापूर्वी आले होते, हे मी शपथेवर सांगू शकतो. ताईंनी गाठ सोडली. वर धोतर, खाली दोन बंड्या, आणि सर्वांत खाली एक सदरा.

सदऱ्याची उजवी बाही कोपरापर्यंत पिवळी होती.

वाचकहो, माझ्या अंगावर काटा उभा राहिला. कॉलनीत पिवळे पाणी येण्यापूर्वीच अण्णांचा हात पिवळ्या पाण्यात बुडालेला होता! मी ताडकन म्हणालो की, हा मनुष्य कपटी आहे, स्वतः विष कालवून त्याने गरिबावर आळ घेतला, तेव्हा आत्ताच लोकांना गोळा करावे.

"विष नाही हो," ताई बाही नाकाशी नेऊन म्हणाल्या. "पळसाची फुलं आहेत. उकळलेली. आणि अण्णा कपटी असते तर हौदातल्या चोरीबद्दल आपल्याला विचारलं नसतं. त्यांचं खरोखरच काहीतरी गेलंय."

मी म्हणालो, मग चोर कोण?

"चोर कुणीच नाही. पण पुंजारामला वाचवायचं तर ते अण्णांनीच बोलायला हवं. मी नाव घेतलं तर ते मेले तरी कबूल करणार नाहीत."

६. साहेबांपुढे

ठरल्याप्रमाणे रंगपंचमीच्या आदल्या दिवशी साहेब आले. लाँड्रीसमोर खुर्ची मांडली गेली. एका बाजूस पुंजाराम, हात बांधून, नवा सदरा घालून. त्याच्याकडे पाहवत नव्हते. अण्णा पहिल्या रांगेत ताठ बसले होते. साहेबांनी अर्ज वाचला व कोणास काही सांगावयाचे आहे काय, असे विचारले.

मनीषाताई उठल्या. त्यांनी माझ्या इस्त्रीच्या टेबलावर एक बादली ठेवली, खाली जमिनीवर दुसरी. वरच्या बादलीत त्यांनी गुलाल कालवलेले पाणी ओतले होते. रबरी नळीचे एक टोक त्या पाण्यात बुडविले, दुसरे तोंडाने किंचित ओढून खाली सोडले. लाल पाणी नळीतून वर चढले, बादलीचा काठ ओलांडला आणि खालच्या बादलीत धो धो पडू लागले.

"रॉकेलच्या पिंपातून आपण सगळेच असं काढतो," ताई म्हणाल्या. लोक हसले, कारण ते खरे होते.

मग त्यांनी शांतपणे उलगडा केला. समजा, एका घरी मोठा हौद आहे. त्यात रंग आहे. मालकाला तो हळूहळू पाण्याने भरायचा आहे, पण शेजाऱ्यांना कळू द्यायचे नाही. धार पडली तर आवाज होतो. म्हणून तो नळाला रबरी नळी जोडतो आणि तिचे टोक हौदाच्या तळाशी बुडवून ठेवतो. पाणी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून नळ उघडाच ठेवतो. सायंकाळी पुंजाराम वरून पाणी बंद करतो. आता वरून दाब नाही. गल्ली उताराची, आणि खालच्या टोकाला बिनतोटीचा नळ सताड उघडा. पाइपातले पाणी तिकडे उतरू लागते व जाताना नळीतून हौदातला रंग मागे ओढते. म्हणूनच पाणी बंद असताना, संध्याकाळी, खालच्या नळाला पिवळी धार लागली. सकाळी नवे पाणी आले आणि पाइपात साचलेला रंग त्या घरापासून खाली सगळ्यांकडे गेला. वरच्या घरांकडे तो जाणारच नव्हता.

"ते घर कोणतं?" साहेबांनी विचारले.

"ते मी सांगणार नाही," ताई म्हणाल्या. "त्या माणसाला स्वतःलाही हे माहीत नसावं. त्याला वाटत असेल, आपला अर्धा रंग कोणीतरी चोरला आणि मुद्दाम नळात ओतला."

साहेब विचारात पडले. त्यांनी स्पष्ट सांगितले की, प्रयोग पटण्यासारखा आहे. पण असा हौद खरोखर आहे हे कोणी दाखविल्याशिवाय, इतक्या सह्यांचा अर्ज आपणांस बाजूला ठेवता येणार नाही. त्यांनी खिशातून पेन काढले.

पुंजारामने मान खाली घातली. मागे गोठ्यात धोंडाबाईंच्या म्हशीची साखळी वाजली.

आणि मग खुर्ची सरकली.

"साहेब, पेन ठेवा," कारभारी अण्णा उभे राहात म्हणाले. "हौद माझा. फिर्यादी मी, आणि चोरही मीच निघालो."

७. झाकलेला हौद

अण्णांनी सर्वांना मागील आवारात नेले. बंगला बांधताना पाणी साठविण्यासाठी केलेला सिमेंटचा हौद तिथे होता. अण्णांनी वरचे पत्रे ओढून बाजूला केले. आत पिवळाधमक रंग, आणि काठावरून तळाशी गेलेली रबरी नळी.

जुन्या नाशकात रंगपंचमीला रहाडी उघडतात, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. जमिनीत बांधलेले ते पुरातन हौद, त्यांत फुले उकळून केलेला रंग, आणि त्यात वरून धप्पकन मारलेली उडी. अण्णांचे बालपण अशाच एका रहाडीच्या शेजारी गेलेले. पुढे नोकरीत पाळ्या लागल्या, मग गुडघे गेले, मग ही कॉलनी. तिथली गर्दी आता त्यांना झेपेना.

"एकदा, फक्त एकदा त्या रंगात बसावंसं वाटलं," अण्णा म्हणाले. "पेठच्या बाजाराहून पोतंभर पळस आणला, उकळून हौदात ओतला. पण तो फलक मीच लावलेला. कुठल्या तोंडानं सांगणार? दुसऱ्या दिवशी बघतो तर हौद निम्मा; तेव्हापासून नळ बंदच ठेवला. मला वाटलं, यानंच पाहिलं आणि माझी फजिती करायला रंग नळात ओतला. ते बोललो असतो तर हौद उघडा पडला असता. म्हणून नुसती सही केली." ते पुंजारामकडे वळले. "पुंजाराम, माझं चुकलं रे."

 पुंजाराम हौदात डोकावून म्हणाला, "अण्णा, रंग मातर झकास झालाय."

सर्वप्रथम साहेबच हसले. त्यांनी अर्ज परत अण्णांच्या हाती दिला व तो त्यांनीच मागे घ्यावा असे सुचविले. अण्णांनी त्याचे चार तुकडे केले. पुंजारामच्या आदेशावर आपण कचेरीत पोचताच सही करू, असा शब्द साहेबांनी तिथेच सर्वांसमक्ष दिला. जाण्यापूर्वी त्यांनी स्वतःच्या हाताने ती नळी पाण्यातून बाहेर काढून खुंटीला टांगली.

दुसऱ्या दिवशी रंगपंचमीला अण्णांच्या आवारात सगळी कॉलनी लोटली. रहाडीची पूजा झाल्यावर पहिली उडी मानकऱ्याची असते. अण्णांनी तो मान पुंजारामला दिला. तो नको नको म्हणत होता, तोवर राजरावांनी आणि बँडवाल्यांनी त्याला उचलून आत टाकले. बँडवाल्यांनी त्या केशरी तुमानी हौसेने घातल्या होत्या व आता त्यांना पांढऱ्या नकोच होत्या. मग दोघांच्या आधाराने अण्णा हौदात उतरले, गळ्यापर्यंत बसले, आणि डोळे मिटून घेतले. त्यांना बाहेर येण्यास कोणी सांगितले नाही.

सायंकाळी पाण्याची वेळ झाली. पुंजारामला अंग धुण्यास सवडच मिळाली नव्हती. डोक्यापासून पायापर्यंत पिवळा झालेला तो मनुष्य खांद्यावर चावी टाकून गल्लीच्या वरच्या टोकाला गेला आणि त्याने व्हॉल्व्ह फिरविला. घरोघरच्या बायका नळापाशी वाट पाहात होत्या. धार आली. प्रत्येकीने आधी पेला भरला, उजेडाकडे धरला, आणि मग निमूटपणे हंडा खाली लावला.

पाणी स्वच्छ होते.

येथे ही कथा पूर्ण झाली. माझ्या अल्प शिक्षणामुळे हिच्यात जे उणे राहिले असेल ते वाचकांनी आपल्या पदरचे घालून भरून घ्यावे. आपण आपला अमूल्य वेळ खर्च करून माझ्या साध्या अक्षरांना मान दिलात, याबद्दल मी सर्व वाचक बंधुभगिनींचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
जयराम भिकन थेटे
लाँड्रीचालक, हिरावती कॉलनी, नाशिक